रस्त्याकडेला घर-जमीन विक्रीचा फलक लावायचाय? आधी जागा, मग परवानगी, छपाई सगळ्यात शेवटी

शनिवारी रात्री दोन पोरं दुचाकीवरून निघतात आणि दुभाजकावर, विजेच्या खांबांवर ‘सँपल फ्लॅट तयार’चे बाण बांधत जातात. रविवारी साइट व्हिजिट होतात. सोमवारी अतिक्रमणची गाडी बाण उचलून नेते, आणि आठवडा संपायच्या आत फलकावरच्या मोबाइल नंबरवर पोलीस ठाण्यातून फोन येतो. फलक कुणाचा हे शोधायला कुणालाच कष्ट पडत नाहीत. नाव, नंबर, पत्ता सगळं तुम्हीच मोठ्या अक्षरांत छापून दिलेलं असतं.

यातल्या बहुतेकांना नियम मोडायची हौस नसते, त्यांचा क्रम चुकतो. फ्लेक्स आधी छापून येतो, मग जागेची शोधाशोध होते, आणि परवानगीची आठवण नोटीस हातात पडल्यावर होते. खाली बरोबर क्रम दिला आहे. तो मुख्यतः महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दींसाठी आहे. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

## १. फलक ज्या जमिनीवर उभा राहणार, ती कुणाची?

सगळ्या परवानग्या या एका प्रश्नावर ठरतात, आणि नेमका हाच प्रश्न घाईत सुटतो.

डांबर संपलं म्हणजे रस्ता संपला, असं नसतं. साइडपट्टी, गटार, पदपथ आणि त्यापलीकडची मोकळी पट्टी हेसुद्धा बहुतेक वेळा रस्त्याच्या हद्दीत येतं. शिवाय विकास आराखड्यात तोच रस्ता जास्त रुंद दाखवलेला असू शकतो. सातबारा तुमच्या नावावर आहे, पण पुढची पट्टी रुंदीकरणात जाणार आहे, अशा जागी लोखंडी खांब रोवून काँक्रीट ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. म्हणून अर्जाच्या आधी दोन कागद समोर ठेवा: भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे ‘क प्रत’, आणि नगररचना विभागाकडून विकास आराखड्याचा भाग नकाशा. दोन्हींवर फलकाची जागा पेन्सिलीने दाखवा. टेप घेऊन जागेवर जा आणि कुंपणापासून फलकाच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. मोजायची ती फलकाची बाहेरची कड. खांब आत आणि पाटी रस्त्यावर, असे फलक पावलोपावली दिसतात.

दुसरी गोष्ट, रस्ता कुणाच्या ताब्यात आहे. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. हद्दीतून जाणारा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असू शकतो. काही रस्ते एमएसआरडीसी, एमएमआरडीए, सिडको किंवा एमआयडीसी अशा सरकारी यंत्रणांकडे, तर काही छावणी परिषदेकडे असतात. गावाकडे जिल्हा परिषद असते. जवळपास मैलाचा दगड असेल तर त्याचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. हा काही कायदेशीर पुरावा नाही, पण पहिला अर्ज कोणत्या कार्यालयात न्यायचा ते त्यावरून कळतं.

सावधान: जागामालकाची संमती वेगळी आणि महापालिकेची परवानगी वेगळी. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक रेल्वे पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर होता. त्याचा आकार १२० बाय १२० फूट होता, तर मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. महापालिकेची परवानगी त्याला नव्हतीच. त्या दुर्घटनेत १७ माणसं गेली. तुमचा फलक आठ बाय दहाचा असला, तरी ‘जागा दुसऱ्या खात्याची आहे, महापालिकेचा संबंध नाही’ हे उत्तर त्यानंतर कुठेही ऐकून घेतलं जात नाही.

तपासा: जागेचा मालक, रस्त्याचा ताबेदार आणि स्थानिक संस्था ही तीन नावं कागदावर लिहिता येतात का? एकही कोरं राहिलं तर पुढच्या टप्प्याकडे वळू नका.

## २. फलक त्याच मालमत्तेचा आहे की दुसरीकडच्या?

हा फरक दलालांपैकीही फार थोड्यांना माहीत असतो, म्हणून इथे जरा थांबू.

मुंबईला मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ ची कलमं ३२८ आणि ३२८-अ लागू होतात. बाकीच्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ लागू होतात. दोन्हींत एक कलम आकाशचिन्हांचं आहे आणि एक जाहिरातींचं. आकाशचिन्ह म्हणजे खांबावर, सांगाड्यावर किंवा गच्चीवर उभारलेला, रस्त्यावरून पाहिल्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय यातलं काहीच लावता येत नाही. आकाशचिन्हाची परवानगीही एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांची मिळते.

पण याच कलमांत एक खिडकी, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे. जी जमीन किंवा इमारत विकायची वा भाड्याने द्यायची आहे, तिच्याच आवारात लावलेली त्या विक्रीची साधी सूचना वेगळी धरली जाते. त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात:

- फलक त्याच मालमत्तेच्या हद्दीत असावा. शेजारच्या भिंतीवर किंवा समोरच्या पदपथावर नको.
- मजकूर त्याच मालमत्तेच्या विक्रीचा किंवा भाड्याचा असावा.
- फलक प्रकाशित नसावा. आतून दिवा नको आणि बाहेरून फोकसही नको.

आता नेहमीचे प्रसंग घेऊ. मोकळ्या प्लॉटवर कुंपणाच्या आत ‘हा प्लॉट विकणे आहे’ अशी पाटी लावली, तर ती या खिडकीतून जाते. फ्लॅटच्या खिडकीच्या आतल्या बाजूला ‘भाड्याने देणे आहे’ लावलं, तर तेही जातं. तीच पाटी सोसायटीच्या फाटकावर टांगली की सोसायटीची संमती लागते, कारण फाटक तुमच्या एकट्याचं नाही. प्लॉटवरच्या पाटीखाली ‘आमचे इतर प्रकल्प’ म्हणून तीन नावं घातली, की ती त्या जमिनीची सूचना राहत नाही, सरळ जाहिरात होते. रात्री दिसावी म्हणून हॅलोजन लावला की खिडकी बंद. आणि चौकातला ‘साइट ५०० मीटर’चा बाण कोणत्याही वाचनात या सवलतीत बसत नाही.

बिल्डरच्या साइटवर आणखी एक फलक असतो, बांधकाम परवानगीचा माहितीफलक. त्यावर सर्व्हे नंबर, मंजुरीचा क्रमांक, मालक, वास्तुविशारद वगैरे तपशील असतो. तो लावणं बंधनकारक आहे आणि ती जाहिरात नाही. पण त्याच पत्र्यावर स्विमिंग पूलचं चित्र आणि ‘बुकिंग सुरू’ छापून दोन्ही कामं एकाच पाटीत उरकायला जाऊ नका. दोन फलक वेगवेगळेच ठेवा.

सवलत लागू होते असं वाटलं तरी माझा सल्ला असा: जागेचा फोटो, फलकाचा आकार आणि मजकूर जोडून एक साधं पत्र संबंधित विभागाला द्या आणि पोच घ्या. कायदा तुमच्या बाजूने असला तरी सकाळी सातला गाडी घेऊन आलेल्या निरीक्षकासमोर कलमं वाचून दाखवता येत नाहीत, शिक्क्याची पोच मात्र दाखवता येते. नगरपरिषद आणि नगरपंचायतीला १९६५ चा, तर ग्रामपंचायतीला १९५८ चा वेगळा अधिनियम आहे. तिथे ही सवलत गृहीत धरू नका, आधी मुख्याधिकारी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा.

कुठेही, कधीही नको: दुभाजक, सिग्नलचा खांब, पथदिवे, महावितरणचे खांब, दिशादर्शक कमानी, बसथांबे, पुलाचे कठडे आणि झाडं. झाडाला खिळा ठोकला तर जाहिरात विभागाच्या जोडीला उद्यान विभागही मागे लागतो. विनापरवाना फलकांवर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ खाली गुन्हा दाखल होतो. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन हजार ऐकून काही जण हसतात. पण दंडाच्या रकमेपेक्षा पोलीस ठाण्याच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या जास्त महाग पडतात.

## ३. मजकूर आधी महारेराच्या चाळणीतून घ्या

महापालिका फलकाची जागा आणि आकार बघते, महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, त्यावरचा मजकूर. एकीची मंजुरी दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

नोंदणी लागणारा प्रकल्प महारेरा क्रमांक मिळण्याआधी जाहिरातीत आणताच येत नाही. ‘लवकरच येत आहे’, ‘प्री-लाँच’ हेही त्यातच आलं. रेरा कायद्याच्या कलम ५९ खाली दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सर्व टप्पे धरून सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. प्लॉटिंगलाही हा कायदा लागू होतो. ‘आमचं बांधकाम नाही, नुसते प्लॉट आहेत’ ही समजूत चुकीची आहे.

फलकावर काय हवं:

- महारेरा नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता.
- १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाचा क्यूआर कोड.
- एप्रिल २०२५ च्या आदेशाप्रमाणे हे तिन्ही फलकाच्या वरच्या उजव्या भागात. त्यांची अक्षरं संपर्क क्रमांकाच्या आणि पत्त्याच्या अक्षरांइतकी किंवा त्याहून मोठी. चुकल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड.

डिझायनरला हे पहिल्याच दिवशी सांगा. तो सवयीने महारेराचा क्रमांक तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टाकतो आणि वरचा उजवा कोपरा लोगोला देतो. मग सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. क्यूआर कोड चकाकत्या फ्लेक्सवर उन्हात वाचला जात नाही, त्यामुळे नमुना छापून घ्या आणि रस्त्याच्या पलीकडून मोबाइलने स्कॅन करून बघा.

एजंटने महारेरा नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांचा व्यवहार केला, तर दिवसाला १० हजार रुपये या हिशेबाने दंड वाढत जातो. स्वतःचा जुना फ्लॅट विकणाऱ्या माणसाला यातलं काही लागत नाही.

आणखी एक, नेत्यांचे फोटो. जाहिरातीत स्थानिक नेत्याचा हसरा चेहरा घालायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. आचारसंहिता लागली की तो फलक झाकावा किंवा उतरवावा लागतो, आणि वर्षाचं शुल्क भरलेलं असतं ते असतंच. फोटो घालूच नका.

## ४. कागदपत्रं गोळा करा

मोठ्या महापालिकांत हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे असतं, मुंबईत अनुज्ञापन खात्याकडे. यादी ठिकाणाप्रमाणे थोडी बदलते, पण गाभा असा:

- जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आणि मालमत्ता कर भरल्याची चालू वर्षाची पावती.
- जागामालकाचं संमतीपत्र. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव. एकट्या सचिवाच्या सहीचं पत्र परत येतं.
- स्थळदर्शक नकाशा: जवळचा चौक, रस्त्याची रुंदी, फलकाचं तोंड कोणत्या दिशेला, जमिनीपासूनची उंची.
- जागेचे फोटो, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंनी.
- सांगाड्याचं रेखाटन आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र. फलक इमारतीवर असेल तर इमारतीचंही.
- मागितल्यास वाहतूक शाखेचं ना हरकत पत्र. चौकाजवळ किंवा वळणावर हे हमखास मागतात.
- मजकुराचा नमुना आणि महारेरा प्रमाणपत्राची प्रत.

स्थैर्य प्रमाणपत्र देणाऱ्या इंजिनिअरला जागेवर घेऊन जा. घरबसल्या मिळालेलं प्रमाणपत्र स्वस्त पडतं. पण वादळात फलक खाली आला की सही त्याची आणि जबाबदारी तुमची, असा प्रकार होतो.

नेहमीची चूक: आधी जागामालकाशी करार करून अनामत द्यायची आणि मग अर्ज करायचा. माझ्या माहितीतल्या एकाने कोपऱ्यावरच्या जागेचं अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं. वाहतूक शाखेने वळणाचं कारण देऊन ना हरकत नाकारली आणि भाडं परत मिळालं नाही. करारात एक ओळ घाला: ‘परवानगी मिळाल्याच्या दिनांकापासून भाडे सुरू होईल, परवानगी नाकारल्यास अनामत परत केली जाईल.’ जागामालक नाही म्हणाला तर दुसरी जागा शोधा.

## ५. अर्ज, पाहणी, शुल्क: याच क्रमाने

आधी रस्त्याच्या ताबेदाराचं ना हरकत पत्र, नंतर वाहतूक शाखा, शेवटी महापालिका. उलट्या क्रमाने गेलात तर अर्ज ‘त्रुटी’ शेऱ्यासह परत येतो आणि रांगेत पुन्हा मागे जावं लागतं. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या हद्दीत खासगी जाहिरात मिळेल या आशेवर वेळ घालवू नका. फलक त्या हद्दीबाहेर, खासगी जागेत आणा आणि मग अर्ज करा.

अर्जात आकार लिहिताना चौकटीसह लिहा. पाटी दहा बाय आठ फूट असेल तर ८० चौरस फूट, म्हणजे साधारण ७.४३ चौरस मीटर. चौकट धरून ती अकरा बाय नऊ झाली तर ९९ चौरस फूट, जवळपास ९.२ चौरस मीटर. शुल्क क्षेत्रफळावर असतं आणि पाहणीला येणारा निरीक्षक कडेपासून कडेपर्यंत टेप लावतो. दोन्ही बाजूंनी मजकूर असेल तर तेही आधीच लिहा, नाहीतर दुसऱ्या बाजूची वसुली दंडासह निघते.

पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. जागेवर खडूने किंवा खुंट्यांनी फलकाची रेघ आखून ठेवा. निरीक्षकाला जागा शोधावी लागली तर अहवालात ‘जागा निश्चित होत नाही’ असं येतं आणि महिना जातो.

शुल्क भरलं की काम झालं असं समजू नका. चलनाची पावती ही परवानगी नव्हे. परवाना क्रमांक आणि मुदत असलेलं पत्र हातात आल्याशिवाय खड्डा खोदू नका.

## ६. आता छापा आणि उभारा

३१ जानेवारी २०१७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या बेकायदा फलकांवरच्या निकालानंतर परवाना क्रमांक आणि मुदत फलकावरच दिसणं अपेक्षित आहे. म्हणूनच छपाई शेवटी. क्रमांक हातात येण्याआधी छापलेल्या फ्लेक्सवर मग स्टिकर चिकटवतात, आणि पहिल्या पावसात तो स्टिकर निघून जातो.

उभारताना मंजूर रेखाटन कंत्राटदाराच्या हातात द्या. ‘जरा वर घेऊ, लांबून दिसेल’ हा त्याचा सल्ला ऐकू नका. फलकाआड येणाऱ्या फांद्याही त्याला तोडू देऊ नका, त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. चौकातून वळणाऱ्या गाडीच्या आसनावर बसून बघा. समोरून येणारी दुचाकी फलकामागे लपत असेल, तर परवानगी असूनही तो फलक हलवा.

तपासा: उभारल्याच्या दिवशी चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढा. एक प्रत विभागाला द्या, एक तुमच्याकडे ठेवा.

## ७. नोटीस आली तर, आणि मुदत संपली तर

पदपथावर किंवा रस्त्यावर उभ्या केलेल्या वस्तू आयुक्त पूर्वसूचनेशिवाय हटवू शकतात. तिथे ‘नोटीसच दिली नाही’ हा वाद टिकत नाही. खासगी जागेतल्या परवानगीच्या फलकाला मात्र नोटीस येते. तिच्यात दिलेल्या मुदतीतच लेखी उत्तर द्या, सोबत परवान्याची प्रत, शुल्काची पावती आणि उभारणीच्या दिवशीचे फोटो जोडा. फोनवर ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला फाइलमध्ये जागा नसते.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका आणि स्थैर्य प्रमाणपत्र नवं घ्या. पावसाळ्याआधी नटबोल्ट, वेल्डिंग आणि पायाचं काँक्रीट तपासून घ्या. वाऱ्याने फाटलेला फ्लेक्स लोंबकळत ठेवू नका. तो विजेच्या तारेवर जातो किंवा दुचाकीस्वाराच्या तोंडावर येतो.

घर विकलं गेलं की फलक उतरवा, आणि फक्त पाटी नाही, सांगाडाही. रिकाम्या सांगाड्यावर रातोरात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो आणि नोटीस परवानाधारक म्हणून तुमच्या नावावर निघते. काढल्याचा फोटो जोडून विभागाला परवाना रद्द करण्याचं पत्र द्या आणि पोच जपून ठेवा. पत्र दिलं नाही तर एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाच्या शुल्काची मागणी येते.